पपईच्या दोन फोडींवर खापर नको

पत्र:

ताई, माझं वय ३४, लग्नाला सात वर्षं झाली. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. पीसीओडी (बीजांडांचा, पाळी बिघडवणारा त्रास) आणि थायरॉइड दोन्ही आहे, साखर ताब्यात ठेवणारी मेटफॉर्मिन आणि थायरॉइडची गोळी चालू आहे. चार महिन्यांपूर्वी पुण्यात पहिलं आयव्हीएफ झालं. ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यावर, पाचव्या दिवशी ऑफिसात कुणीतरी फळं कापली होती, त्यातल्या पिकलेल्या पपईच्या दोन फोडी मी खाल्ल्या. पुढे बीटा, म्हणजे दिवस राहिलेत का बघायची रक्ताची चाचणी, निगेटिव्ह आली. सासूबाईंना पपईचं कळल्यापासून ‘तोंड आवरलं असतं तर आज घरात गोड बातमी असती’ हे एक दिवसाआड ऐकते आहे. दोन गर्भ गोठवून ठेवलेत, पुढचं ट्रान्सफर दोन महिन्यांनी आहे. सासूबाईंच्या मते अंडी, बाजरी, तीळ, गूळ सगळं उष्ण, सगळं बंद. व्हॉट्सअॅप ग्रुपवर अॅव्होकाडो, ब्लूबेरी, किनोआचा तक्ता फिरतोय. अंड्यांची, म्हणजे स्त्रीबीजांची, गुणवत्ता वाढवणारी एक पावडरही आहे, चार हजारांच्या वर डबा. पहिल्या वेळी अंडी काढल्यावर माझं पोट फुगलं होतं, म्हणून क्लिनिकने रोज सहा अंड्यांचा पांढरा भाग आणि दोन नारळांचं पाणी सांगितलं होतं. ते अजून चालू ठेवायचं का? आमचं घर शाकाहारी, अंडी मी तेव्हापासूनच खाते. गुरुवार आणि संकष्टी करते. वजन ६८, उंची पाच फूट दोन इंच. नवरा तंबाखू खातो, पण त्याच्या खाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला तू म्हणा आणि मोठ्या बहिणीसारखं स्पष्ट सांगा.

उत्तर:

स्पष्टच सांगते. पपईने काही झालेलं नाही.

पाच दिवस वाढवलेला गर्भ आत सोडला की तो साधारण पुढच्या एक ते तीन दिवसांत गर्भाशयाच्या अस्तराला चिकटायला लागतो. तू पपई खाल्लीस पाचव्या दिवशी. तोवर रुजायचं की नाही हे बहुतेक वेळा ठरत आलेलं असतं. जे गर्भ रुजत नाहीत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गुणसूत्रांतच दोष असतो, आणि तो दोष अंडं आणि शुक्राणू एकत्र आले तेव्हापासूनचा, कधी त्याच्याही आधीचा असतो. दोन फोडींनी तो येतही नाही आणि जातही नाही.

पपईची भीती अगदीच हवेतली नाही, हेही सांगायला हवं. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं. उंदरांच्या गर्भाशयावर प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा त्या चिकाने कळा आल्यासारखं आकुंचन झालं. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासात पिकलेल्या पपईच्या रसाने मात्र तसं काही झालं नाही. म्हणून कच्च्या पपईची भाजी किंवा कोशिंबीर तेवढी टाळ, बाकी पपईशी वैर नको. गंमत पुढेच आहे. तुझ्याच ग्रुपवर कुणीतरी नक्की सांगितलं असेल, की ट्रान्सफरनंतर अननसाचा मधला दांडा खा, म्हणजे गर्भ चिकटतो. अननसातलं ब्रोमेलेन आणि पपईतलं पपेन ही दोन्ही प्रथिनं फोडणारी एकाच प्रकारची द्रव्यं आहेत. मग एक गर्भ पाडतं आणि दुसरं चिकटवतं, हे कसं? दांडा खाऊन दिवस राहिल्याचा धड पुरावा कुठेच नाही. अननस आवडत असेल तर फळ म्हणून खा आणि दांडा फेकून दे.

आता तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ. दोन गर्भ गोठवून ठेवलेले आहेत. म्हणजे अंडी काढून झाली, शुक्राणूंशी मिलन झालं, गर्भ तयार झाले आणि आता ते उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहेत. अंड्यांची गुणवत्ता वाढवणारी पावडर त्यांच्यापर्यंत कशी पोचणार? उद्यापासून तू काहीही खाल्लंस तरी त्या दोन गर्भांत तसूभरही फरक पडायचा नाही. चार हजार वाचव. पुढे कधी पुन्हा अंडी काढायची वेळ आली तर कुठली गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचार, डबा विकणारीला नको.

मग येत्या दोन महिन्यांत खाण्याचं काम उरतं ते असं, की शरीरात जे कमी आहे ते भरून काढायचं, साखर ताब्यात ठेवायची आणि दिवस राहिलेच तर पहिल्या काही आठवड्यांत बाळाला लागणारं सगळं आधीपासून साठवणीत असायला हवं. यातलं बरंचसं काम ताटापेक्षा रक्ताच्या रिपोर्टवर अवलंबून आहे. तुझ्या फाइलमध्ये हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), बी-१२, व्हिटॅमिन डी, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए१सी, यांचे ताजे आकडे आहेत का बघ. नसतील तर ट्रान्सफरआधी करून घे.

बी-१२ वर मी अडून बसणार आहे. तू आजवर शाकाहारी होतीस आणि वर मेटफॉर्मिन घेतेस. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ शोषून घेणं कमी होतं, म्हणजे तुझ्याकडे ते दोन्ही बाजूंनी कमी पडायची शक्यता. (म्हणून मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नकोस.) पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी सापडलं. फोलेट जवळपास सगळ्यांचं ठीक होतं. ज्या आयांचं फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हे निष्कर्ष २००८ साली छापून आले. म्हणून फॉलिक अॅसिड सोडायचं असा याचा अर्थ लावू नकोस. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. पाळी चुकल्याचं कळून गोळी सुरू करेपर्यंत ती वेळ निघून जात आलेली असते. त्यामुळे निदान ४०० मायक्रोग्रॅमची गोळी ट्रान्सफरच्या आधीपासून हवीच. मधुमेह, फिटची औषधं किंवा आधीच्या बाळात असा दोष असेल तर डॉक्टर पाच मिलिग्रॅमची देतात. फक्त त्या फॉलिकला बी-१२ ची सोबत आहे ना, ते तपासून घे. दूध, दही, अंड्याचा बलक यांतून ते मिळतं, पण आकडा खाली असेल तर नुसत्या ताकावर भागणार नाही, गोळी किंवा इंजेक्शन लागेल.

बलकाचं नाव निघालं म्हणून तुझा तो प्रश्न. सहा अंड्यांचा पांढरा भाग आणि नारळपाणी हे अंडी काढल्यानंतर बीजांडं सुजतात त्या आठ-दहा दिवसांपुरतं सांगतात. तेव्हा रक्तातलं पाणी पोटात झिरपतं, म्हणून प्रथिनं आणि क्षारयुक्त पातळ पदार्थांवर भर असतो. तुझं ते कधीच संपलं. गोठवलेल्या गर्भाच्या ट्रान्सफरला बीजांडं फुगवायची इंजेक्शनं लागत नाहीत, त्यामुळे हा खटाटोपही लागत नाही. आता रोज एक-दोन अंडी बलकासकट खा. नारळपाणी आवडीने पी, औषध म्हणून नको.

थायरॉइडची गोळी तू कशी घेतेस, हे पत्रात नाही. आपल्याकडे ती सकाळच्या चहाबरोबर घशाखाली ढकलायची पद्धत आहे आणि मग टीएसएच का उतरत नाही म्हणून डोस वाढत जातो. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घे, नंतर अर्धा ते एक तास काहीही नको, चहासुद्धा नको. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांबरोबर नकोत. लोह दुपारी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री, असं ठेवलंस तर चुकत नाही. जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा टाळ, चहामुळे पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह अंगी लागत नाही. दिवसाचे दोन कप चहा चालतील. कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं म्हणतात, आपला घरचा दोन कप चहा त्याच्या बराच आत बसतो.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर डॉक्टरांना सांग. जास्त डोसच्या बायोटिनमुळे टीएसएच आणि बीटा एचसीजीच्या चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. ही गोष्ट दहातल्या नऊ जणींना कुणी सांगितलेली नसते.

आता ताट. अॅव्होकाडो आणि ब्लूबेरी तुझ्या तालुक्याच्या बाजारात किती शिळ्या मिळतील ते तूच जाणे. असे तक्ते बहुधा भूमध्य समुद्राकाठच्या जेवणावरून काढलेले असतात. डाळी-कडधान्यं, भाज्या, अख्खी धान्यं, दाणे, मासे, कमी गोड असं ते जेवण. ग्रीसमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयव्हीएफ करणाऱ्या, पस्तिशीच्या आतल्या ज्या बायका असं जेवत होत्या, त्यांच्यात गर्भधारणा आणि बाळंतपणं जास्त झाली. पण ते नुसतं निरीक्षण आहे. असं जेवणाऱ्या बायका इतर बाबतींतही नीट राहत असतील. आणि हे सगळं तुला ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची किंवा शेपूची भाजी, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, काकडीची कोशिंबीर आणि दही यांत मिळतं. त्यासाठी किनोआ लागत नाही.

आपल्या जेवणात खरी खोट आहे ती प्रथिनांची. ‘वरण असतंच की रोज’ हे मला सगळ्यांकडून ऐकायला मिळतं. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमपेक्षा फार काही नसतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम लागतात. म्हणून नाश्त्यालाच सुरुवात कर. नुसते पोहे खाऊन ऑफिस गाठू नकोस, बरोबर उकडलेलं अंडं किंवा वाफवलेल्या मुगाची वाटी घे. मोड आलेलं कडधान्य कच्चं मात्र नको. दुपारी वरणाऐवजी घट्ट उसळ किंवा पिठलं, चार वाजता बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे-फुटाणे, रात्री थोडं पनीर किंवा वाटीभर दही. पीसीओडीमध्ये जेवणानंतरची साखर उसळू नये म्हणूनही हेच उपयोगी. भात सोडायची गरज नाही, भाताचा ढीग आणि वरणाचा थेंब हे प्रमाण तेवढं उलटं कर.

उपवासाचं बोलू. गुरुवार धर, संकष्टी कर, माझी काही हरकत नाही. पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि दिवसभर चहावर काढून रात्री ताटभर खिचडी, हे मेटफॉर्मिन घेणाऱ्या बाईचं जेवण नव्हे. वरईचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, फळ असं थोडं थोडं खा. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत पोट रिकामं ठेवू नकोस. निर्जळी काहीही या दोन महिन्यांत करायचं नाही.

‘उष्ण’चं काय, तर बाजरी, तीळ, गूळ, अंडी यांच्या आहारातल्या प्रमाणाने गर्भ पडतो असं कुठेही दिसलेलं नाही. तीळ आणि बाजरी लोहासाठी उलट हवेच आहेत. गूळ मोजून खा, तो उष्ण म्हणून नव्हे, ती शेवटी साखरच आहे म्हणून. सासूबाई दिंकाचे लाडू करत असतील तर छोटा एक खा आणि ‘छान झालेत’ म्हण. डाळिंब आणि बिटाने अस्तर जाड होतं असंही तुझ्या कानावर आलं असेल. अस्तर वाढवतात त्या डॉक्टरांनी दिलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या. डाळिंब हे चांगलं फळ आहे, त्याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेव.

वजनाबद्दल तू विचारलं नाहीस, नुसता आकडा लिहिलास. त्यावरून कुणीतरी टोचलंय हे कळतं. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेसत्तावीसच्या आसपास येतो, भारतीयांसाठीच्या मोजपट्टीने जास्तच. तीन-साडेतीन किलो उतरले तर पीसीओडीला फायदा होईल, हे खरं. पण दोन महिन्यांत दहा किलो उतरवायच्या मागे लागून सूप-सॅलडवर राहू नकोस. नेदरलँड्समध्ये लठ्ठपणा असलेल्या ५७७ बायकांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१६ साली आले. निम्म्या जणींना आधी सहा महिने वजन उतरवायला लावलं आणि मग उपचार, बाकीच्यांना लगेच उपचार. आधी वजन उतरवणाऱ्यांना दोन वर्षांत नैसर्गिक प्रसूतीने पूर्ण दिवसांची निरोगी बाळं जास्त झाली नाहीत. त्यांच्यातल्या जास्त जणींना उपचाराशिवाय दिवस राहिले, एवढा लाभ झाला. वजनासाठी ट्रान्सफर पुढे ढकलायचं की नाही हे तुझं वय आणि रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. तू रोज अर्धा-पाऊण तास चाल, पुरे.

खरी काळजी घ्यायची ती भलतीकडेच. शतावरी, अश्वगंधा, शिवलिंगीचं बी, ओळखीतल्या कुणाचा तरी काढा, यांतलं काहीही चालू असेल तर यादी करून डॉक्टरांपुढे ठेव. अश्वगंधेने थायरॉइडचे आकडे हलतात, आणि थायरॉइड तुला आहेच. मुलगाच होण्याचं औषध म्हणून कुणी पुडी दिली तर ती मोरीत ओत. मुलगा की मुलगी हे शुक्राणू ठरवतो आणि तुझ्या त्या दोन गर्भांचं ते कधीच ठरून गेलंय. ट्रान्सफरनंतर बाहेरची पाणीपुरी, न तापवलेलं दूध, अर्धवट शिजलेलं अंडं नको. त्यात उष्ण-थंडचा संबंध नाही. टायफॉइड किंवा कावीळ झाली तर ऐन वेळी तुझेच हाल होतील. गर्भ टिकावा म्हणून देतात ते प्रोजेस्टेरॉन सुरू झालं की पोट जड राहील, शौचाला साफ होणार नाही. पाणी, पेरू, पालेभाजी, रात्री इसबगोल, आणि इसबगोलही थायरॉइडच्या गोळीपासून लांब. पलंगावर पडून राहण्याने गर्भ टिकण्याची शक्यता वाढत नाही. ऑफिसला जा.

आता नवरोबा. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे पहिल्या वेळचे गर्भ बनले त्याआधीच्या तीन महिन्यांत त्याने जे खाल्लं, चघळलं, त्याचा वाटा त्या गर्भांत होता, आणि पपईचा हिशेब मांडणाऱ्या घरात हा हिशेब कुणी मांडला नाही, याचा मला राग येतो. आता गोठवलेल्या दोघांवर त्याच्या तंबाखूचा परिणाम व्हायचा तो होऊन गेला. पण हे ट्रान्सफर यशस्वी झालं नाही तर पुन्हा सुरुवात करावी लागेल, आणि झालं तर घरात बाळ असेल. दोन्हीसाठी तंबाखू आजच सुटायला हवी. त्याला जस्त आणि फॉलिकच्या महागड्या गोळ्या आणू नका. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर चाचणी झाली, पुरुषांना सहा महिने या गोळ्या देऊनही बाळं जास्त झाली नाहीत. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. आणि तुझ्या घरी मशेरी लावायची सवय कुणाला असेल, तुलासुद्धा, तर तीही तंबाखूच. ती धरूनच बोलते आहे.

सासूबाईंशी वाद घालायला तू जाऊ नकोस. त्यांना नातवंडाची घाई आहे आणि डॉक्टरांनी त्यांना कधी समोर बसवून काही सांगितलेलं नाही. पुढच्या व्हिजिटला त्यांना बरोबर ने. ‘पपईने झालं का?’ हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे. आणि घरी ‘तोंड आवरलं असतं तर’ हे पुन्हा निघालं तर उत्तर तुझ्या नवऱ्याने द्यायचं. आईला ‘आई, हे बंद कर’ म्हणणं त्याला जड जाईल, पण तेवढं त्याच्या वाट्याला यायलाच हवं. हे उत्तर त्याला वाचायला दे.

एक राहिलं. अंडी काढताना भूल देतात म्हणून तुला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. ट्रान्सफरला बहुतेक ठिकाणी भूल नसते, उलट लघवीची पिशवी भरलेली हवी म्हणून पाणी पिऊन बोलावतात. क्लिनिकला आदल्या दिवशी फोन करून विचार, आणि त्यांनी वेगळं काही सांगितलं नाही तर त्या सकाळी थायरॉइडची गोळी वेळेवर घे आणि पोटभर नाश्ता करून नीघ. पुण्यापर्यंतचा रस्ता लांब आहे.